पंधरा मिनिटांत उड्डाण: ब्रिटनच्या पिवळ्या हेलिकॉप्टरांचं प्रकरण

बचाव हेलिकॉप्टरच्या तळावरचा बहुतेक वेळ आकाशात जात नाही, वाट पाहण्यात जातो. दोन वैमानिक, एक विंच (दोर वरखाली करणारं यंत्र) चालवणारा आणि एक दोराला लटकून खाली उतरणारा, असं चार जणांचं पथक बसून असतं. बाहेर इंधन भरलेलं, तपासलेलं यंत्र उभं असतं. ब्रिटनमध्ये अनेक वर्षांचा दंडक असा आहे की दिवसा निरोप आल्यापासून १५ मिनिटांत आणि रात्री ४५ मिनिटांत हेलिकॉप्टर निघालं पाहिजे. एखाद्या दिवशी एकही निरोप येत नाही. तरीही त्या दिवसाचा खर्च पूर्ण होतोच, आणि तो वाया गेलेला नसतो.

या वाट पाहण्याचे पैसे कुणी द्यायचे आणि वाट पाहणाऱ्याच्या अंगावर गणवेश कुणाचा असायचा, हा प्रश्न ब्रिटनला २००६ ते २०१६ अशी दहा वर्षं पुरला. हवाई दल आणि नौदल यांनी साठ वर्षं चालवलेली सेवा शेवटी एका खासगी कंपनीच्या हाती गेली. ते कसं घडलं, आधी काय होतं आणि नंतर काय राहिलं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. आपल्याकडे कुठलीही सरकारी सेवा कंत्राटाने द्यायची म्हटलं की चर्चा लगेच ‘सरकारी चांगलं की खासगी’ या एकाच खुंटीला बांधली जाते. या प्रकरणाने माझ्यापुरती ती खुंटी उपटून टाकली.

वैमानिकांसाठी सुरू झालेलं काम

हेलिकॉप्टरला विंच लावून माणूस वर घेण्याचा पहिला खरा प्रसंग घडला अमेरिकेत, २९ नोव्हेंबर १९४५ ला. कनेटिकटच्या किनाऱ्याजवळ वादळात एक तेलवाहू बार्ज खडकावर अडकली होती. त्या सपाट तळाच्या नौकेवरच्या दोघांना सिकोर्स्की कंपनीच्या हेलिकॉप्टरने उचललं. तोवर हेलिकॉप्टर म्हणजे प्रयोगशाळेतली नवलाई होती. त्या दिवसापासून ते खलाशांच्या कामाचं यंत्र झालं.

ब्रिटनची शिकवणी सुरू झाली फेब्रुवारी १९५३ मध्ये. ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राचं पाणी वादळाने फुगलं आणि नेदरलँड्सचे बांध फुटले. तिथे १,८३६ माणसं गेली, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७. ब्रिटिश नौदलाच्या ७०५ स्क्वाड्रनची छोटी ‘ड्रॅगनफ्लाय’ हेलिकॉप्टरं नेदरलँड्सला गेली. एका फेरीत दोन-तीन माणसं, एवढीच त्यांची ताकद. तरी छपरांवर, बांधांवर अडकलेल्या शेकडो लोकांना त्यांनी उचलून आणलं. पाणी ओसरेपर्यंत थांबायला वेळ नसतो, होडी गल्लीत शिरत नाही, तिथे वरून येणारा दोर काय करू शकतो हे युरोपने पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर पाहिलं.

त्याच वर्षी हवाई दलाच्या २७५ स्क्वाड्रनला ‘सिकामोर’ हेलिकॉप्टरं मिळाली आणि ती पिवळी रंगवली गेली. पुढे सहा दशकं ब्रिटिश किनाऱ्यावर पिवळं हेलिकॉप्टर म्हणजे मदत, हे लहान मुलालाही ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. ही सेवा सामान्य नागरिकांसाठी उभी राहिलेली नव्हती. तो जेट विमानांचा सुरुवातीचा काळ होता, अपघात खूप होत, आणि समुद्रावर पॅराशूटने उतरलेला वैमानिक थंड पाण्यात फार वेळ तग धरत नसे. लष्कराला आपली माणसं परत हवी होती. बुडती मासेमारी बोट, कड्यावर अडकलेला गिर्यारोहक, बेटावरची अडलेली बाळंतीण ही सगळी कामं उरलेल्या वेळातली. कागदोपत्री ही मांडणी अगदी शेवटपर्यंत टिकली: लष्करी गरजेसाठी सेवा, आणि शिल्लक क्षमतेचा लाभ नागरिकांना. प्रत्यक्षात काही वर्षांतच उचलल्या जाणाऱ्यांत बहुसंख्य साधे नागरिक असत. मूळ काम आणि खरं काम यांतली ही फारकत कुणी नीट मिटवली नाही. अर्ध्या शतकानंतर ‘हे लष्कराचं काम आहे का?’ असा प्रश्न आला तेव्हा तो या फटीतूनच आला.

२६ नोव्हेंबर १९५४ च्या रात्री साऊथ गुडविन नावाचं दीपनौका म्हणून उभं असलेलं जहाज साखळ्या तोडून इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळच्या गुडविनच्या वाळूपट्ट्यावर जाऊन आडवं झालं. सात जणांचा खलाशी ताफा गेला. जहाजावर पक्ष्यांचा अभ्यास करायला आलेला एक तरुण मात्र रात्रभर आडव्या पडलेल्या जहाजाला चिकटून राहिला. सकाळी त्याला वर घेतलं ते मॅन्स्टनच्या तळावरून आलेल्या हेलिकॉप्टरने, आणि ते होतं अमेरिकी हवाई दलाचं. तीन महिन्यांच्या आत, १५ फेब्रुवारी १९५५ ला, ब्रिटिश हवाई दलाचं २२ स्क्वाड्रन याच कामासाठी पुन्हा उभं राहिलं. पुढे त्याच्या तुकड्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी विखुरल्या गेल्या.

यंत्रापेक्षा मोठी गोष्ट: बोलणं

सुरुवातीची ‘व्हर्लविंड’ हेलिकॉप्टरं एका इंजिनाची होती. समुद्रावर रात्रीच्या अंधारात त्यांचा उपयोग जवळपास नव्हता. वैमानिकाला स्थिर राहायला डोळ्यांसमोर काहीतरी हवं असतं: किनारा, खडक, निदान क्षितिज. काळ्या पाण्यावर काळी रात्र असेल तर तेही नाही. १९७८ पासून आलेल्या ‘सी किंग’ने ही भिंत पाडली. दोन इंजिनं, रडार, आणि अंधारात आपोआप खाली येऊन पाण्यावर तरंगत राहण्याची यंत्रणा. विंच चालवणाऱ्यालाही दारात बसून हेलिकॉप्टर थोडंथोडं सरकवता येईल अशी सोय होती.

तरीही या कामाचा जीव यंत्रात नाही, बोलण्यात आहे. हेलिकॉप्टर जहाजाच्या बरोब्बर वर आलं की वैमानिकाला जहाज दिसतच नाही, ते त्याच्या पोटाखाली गेलेलं असतं. दारात आडवा पडून खाली पाहणारा विंचवाला सतत बोलत राहतो: पुढे पाच, उजवीकडे दोन, थांब, डेक वर येतोय, माणूस डेकवर, दोर सैल. वैमानिक त्या आवाजावर उडतो. खाली दोराला लटकलेल्या माणसाचा जीव त्या आवाजात असतो. असा विश्वास एका प्रशिक्षणात येत नाही. एकत्र काढलेल्या शेकडो रात्रींतून तो येतो. कुठल्याही कंत्राटात त्याचा रकाना नसतो आणि म्हणूनच त्याची किंमत लावताना चूक होते.

छोट्या छोट्या युक्त्यांचंही असंच. हेलिकॉप्टरच्या पंख्यांमुळे यंत्रावर स्थिर वीज साठते. वरून आलेला आकडा आधी पाण्याला किंवा डेकला टेकू द्यायचा, मगच हात लावायचा, नाहीतर जबर झटका बसतो. जहाज फार डोलत असेल, डोलकाठ्या आडव्या येत असतील, तर आधी वजन बांधलेली बारीक दोरी खाली सोडायची. डेकवरच्यांनी ती धरून उतरणाऱ्याला आपल्याकडे ओढून घ्यायचं. आणि पाण्यात खूप वेळ गारठलेल्या माणसाला उभा उचलायचा नाही. पाण्याचा दाब अंगावरून एकदम निघतो, रक्त पायांत उतरतं, हृदय थांबू शकतं. पाण्यातून जिवंत हाती लागलेली माणसं वर घेता घेता गेल्याची उदाहरणं आहेत. म्हणून दोन पट्टे लावायचे, एक काखेत, एक गुडघ्यांखाली, आणि माणसाला जमेल तेवढा आडवा आणायचा. ही विद्या पुस्तकात आहे, पण ती शिकवणारे गुरू तळावर असावे लागतात.

दोन रात्री, जिथे हेलिकॉप्टर पुरलं नाही

बचाव सेवेचा इतिहास लिहिताना वाचवलेल्यांची गोष्ट सांगायचा मोह होतो. मला न जमलेल्या दोन रात्री जास्त शिकवून गेल्या.

१९ डिसेंबर १९८१. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर वाऱ्याचे झोत ९० नॉटपर्यंत (ताशी सुमारे १६५ किलोमीटर) जात होते. ‘युनियन स्टार’ हे पहिल्याच सफरीवर निघालेलं मालवाहू जहाज इंजिन बंद पडून खडकांकडे ढकललं जात होतं. जहाजावर आठ जण होते, त्यांत कप्तानाची बायको आणि तिच्या दोन मुली. कल्ड्रोझच्या तळावरून नौदलाचं सी किंग निघालं. चालवत होता देवाणघेवाणीवर आलेला अमेरिकी नौदलाचा अधिकारी रसेल स्मिथ. त्याने पुन्हापुन्हा प्रयत्न केले. पण जहाज लाटांवर एवढं उसळत होतं की त्याची डोलकाठी हेलिकॉप्टरच्या पंख्याला लागेल अशी भीती. जास्त जवळ जावं तर चार जणांचं आपलं पथक जाईल, दूर राहावं तर दोर पोचत नाही. मग माऊसहोल गावची ‘सॉलोमन ब्राऊन’ ही लाकडी लाइफबोट पाण्यात उतरली. आठ जण, सगळे त्याच छोट्या गावचे. त्यांनी जहाजाला भिडून काही जणांना उचललं. चार जण मिळाल्याचा निरोप रेडिओवर आला. त्यानंतर काहीच आलं नाही. दोन्ही बोटींवरचे सोळाच्या सोळा गेले.

लाइफबोटीची ही धडपड हेलिकॉप्टरच्या पथकाने वरून पाहिली होती. यंत्र उत्तम होतं, माणूस कसलेला होता, शौर्यात तसूभर उणं नव्हतं. तरी हवेने ‘नाही’ म्हटलं. लाइफबोटीचे खलाशी स्वयंसेवक, त्यांची संस्था देणग्यांवर चालणारी, आणि वर उडणारं यंत्र लष्कराचं. त्या रात्री समुद्रावर सरकारी आणि बिनसरकारी हा भेद कुठेच नव्हता.

दुसरी रात्र ६ जुलै १९८८ ची. स्कॉटलंडपासून दूर उत्तर समुद्रात ‘पायपर अल्फा’ हा तेल-वायूचा फलाट पेटला. १६७ माणसं गेली, ६१ वाचली. आपत्कालीन नियम असा होता की राहण्याच्या भागात जमायचं आणि हेलिकॉप्टरची वाट पाहायची. अनेकांनी नियम पाळला. पण धुराने हेलिकॉप्टरची उतरण्याची जागा झाकून टाकली होती. कुठलंही हेलिकॉप्टर तिथे उतरूच शकलं नाही. वाट पाहणारे धुराने गेले. वाचलेल्यांपैकी बहुतेकांनी नियम मोडून समुद्रात उड्या टाकल्या होत्या आणि त्यांना बोटींनी उचललं. लष्करी आणि तटरक्षक हेलिकॉप्टरांनी जखमींना रुग्णालयात नेण्याचं मोलाचं काम केलं, पण ते नंतर. हेलिकॉप्टर येईलच हे गृहीत धरून बाकीची दारं बंद करणं किती महाग पडतं, याचं याहून कठोर उदाहरण मला माहीत नाही.

याच्या उलट टोकाला १६ ऑगस्ट २००४ चं बॉसकासल. कॉर्नवॉलमधलं दरीत वसलेलं छोटं गाव, दुपारी ढगफुटीसारखा पाऊस, आणि पाण्याने मोटारी वाहून समुद्रात जाऊ लागल्या. सात हेलिकॉप्टरं जमली, हवाई दलाची, नौदलाची आणि तटरक्षक दलाची. छपरांवरून, झाडांवरून सुमारे शंभर जणांना उचललं. एकही माणूस गेला नाही. तीन वेगवेगळ्या मालकांची यंत्रं एका अरुंद दरीत एकमेकांना न धडकता तासन् तास काम करत होती. हे जमलं, कारण सगळ्यांची भाषा, शिस्त आणि नियंत्रण एक होतं.

कंत्राटाची पहिली फेरी, आणि ती का फसली

बॉसकासलला आलेलं तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर मुळात एका खासगी कंपनीचं होतं, ही बाब चर्चेत अनेकदा हरवते. ब्रिटनच्या तटरक्षक दलाने १९७१ मध्येच मॅन्स्टनला ‘ब्रिस्टो’ कंपनीचं हेलिकॉप्टर भाड्याने घेऊन पाहिलं होतं. १९८३ पासून शेटलंड बेटांवरच्या संबरो इथे त्याच कंपनीचं हेलिकॉप्टर कायमचं बसलं. पुढे स्टॉर्नोवे, ली-ऑन-सॉलेंट आणि पोर्टलंड हे तळ त्याच पद्धतीचे. २००७ मध्ये ते कंत्राट ‘सीएचसी’ या दुसऱ्या कंपनीकडे गेलं. म्हणजे शेवटी बारा तळ होते: हवाई दलाचे सहा, नौदलाचे दोन, आणि तटरक्षक दलाच्या कंत्राटी हेलिकॉप्टरांचे चार. दोरावर लटकलेल्या माणसाला वरचं हेलिकॉप्टर पगारी कंपनीचं आहे की राणीच्या फौजेचं, हे रंगावरूनच कळलं तर कळे.

तोवर सी किंग यंत्रं तीस वर्षांची होत आली होती. सुटे भाग महाग, दुरुस्ती वाढती. नवी यंत्रं घ्यायचीच होती. मग एकच मोठं कंत्राट काढून सगळे बारा तळ एका छत्राखाली आणावेत, अशी संरक्षण आणि परिवहन खात्यांची योजना २००६ च्या सुमारास सुरू झाली. पैसे खासगी गटाने आधी घालायचे, सरकारने पंचवीसेक वर्षं हप्त्याने फेडायचे. किंमत सहा अब्ज पौंडांच्या घरात. पथकात काही लष्करी माणसंही राहायची होती. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘सोटेरिया’ नावाचा गट पसंतीचा म्हणून जाहीर झाला. त्यात सीएचसी, संरक्षण यंत्रणा बनवणारी थेल्स कंपनी आणि रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड होते.

एका वर्षाने, ८ फेब्रुवारी २०११ ला, परिवहनमंत्री फिलिप हॅमंड यांनी संसदेला कळवलं की प्रक्रिया थांबवली आहे. सोटेरिया गटाकडे निविदेसंबंधीची गोपनीय व्यावसायिक माहिती पोचली होती, आणि ही कबुली त्या गटानेच दिली होती. संरक्षण खात्याच्या पोलिसांकडे चौकशी गेली. पाच वर्षांची मेहनत फुकट गेली.

या टप्प्याला मी मुद्दाम जास्त वेळ देतो आहे. भ्रष्ट वागणुकीची बातमी झाली, तशी ती व्हायलाच हवी होती. पण त्याखाली दुसरी एक गोष्ट दडलेली होती. कंत्राट पंचवीस वर्षांचं होतं. इतक्या लांब मुदतीत हेलिकॉप्टरांची एक अख्खी पिढी बदलते. हप्त्यांत बँकेचं व्याज मिसळलेलं. लष्करी आणि खासगी माणसं एकाच पथकात, पण दोन वेगळ्या साहेबांना उत्तरदायी. इतकी गुंतवळ झाली की ‘आपण नेमकं काय विकत घेतो आहोत’ हा साधा प्रश्न कुठे विचारायचा तेच कळेना. माझ्या मते हे कंत्राट बुडालं ते बरंच झालं. त्याच्या बुडण्याचं कारण मात्र लाज वाटावी असंच होतं.

दुसरी फेरी

सरकारने २०११ च्या अखेरीस नवा रस्ता धरला. लष्कराने या कामातून पूर्ण बाहेर पडायचं. हप्त्यांचा घोळ नको, सरळ सेवा विकत घ्यायची. २६ मार्च २०१३ ला ब्रिस्टो कंपनीला १.६ अब्ज पौंडांचं सुमारे दहा वर्षांचं कंत्राट मिळालं. २२ हेलिकॉप्टरं: अकरा सिकोर्स्की ‘एस-९२’ आणि अकरा ऑगस्टा-वेस्टलँड ‘ए-डब्ल्यू-१८९’. तळ बाराऐवजी दहा.

तळ कमी होणार म्हटल्यावर गावं उठली. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं बूल्मर बंद होणार होतं. तिथल्या कोळ्यांना आणि टेकड्यांत काम करणाऱ्या बचाव पथकांना हंबरसाइड आणि इनव्हर्नेस या दोन तळांमधलं अंतर नकाशावर भलं मोठं दिसत होतं. सरकारचं उत्तर असं की नवी यंत्रं वेगवान आहेत, घटनास्थळापर्यंतच्या उड्डाणाचा सरासरी वेळ २३ मिनिटांवरून १९ वर येईल, आणि जास्त धोक्याच्या भागांपैकी ८५ टक्के भाग अर्ध्या तासाच्या आवाक्यात येईल, जो आधी ७० टक्के होता. दोघांचंही खरं होतं. सरासरी सुधारते तेव्हाही एखाद्या खेड्याचा वेळ वाढू शकतो, आणि त्या खेड्यातल्या माणसाला सरासरी वाचवत नाही.

१ एप्रिल २०१५ ला हंबरसाइड आणि इनव्हर्नेस सुरू झाले. मग एकेक करून बाकीचे. ४ ऑक्टोबर २०१५ ला चिव्हनॉरच्या तळावरून हवाई दलाची अखेरची पाळी संपली, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापर्यंत नौदलही बाहेर पडलं. राजपुत्र विल्यमने वेल्समधल्या व्हॅली या तळावर सी किंग चालवल्यामुळे जगभरच्या वर्तमानपत्रांत या निरोपाचे फोटो आले. मला त्या फोटोंपेक्षा त्यांत न दिसणारी बाब महत्त्वाची वाटते: लष्करी पथकांतली कितीतरी माणसं गणवेश उतरवून नव्या कंपनीच्या त्याच कामाला लागली. दारात पडून बोलणारे आवाज तेच राहिले. सेवा टिकली ती या स्थलांतरामुळे. ही माणसं आली नसती तर एस-९२ कितीही वेगवान असतं तरी काय उपयोग होता?

सगळं सुरळीत झालं असं नाही. ए-डब्ल्यू-१८९ यंत्रं ठरल्यापेक्षा उशिरा आली आणि काही तळांवर तोवर लहान ए-डब्ल्यू-१३९ वर काम भागवावं लागलं. नवी यंत्रं मोठी आणि वजनदार. एस-९२ चं वजन बारा टनांच्या घरात जातं आणि उतरताना त्याच्या खालचा हवेचा झोत माणसाला उडवून देऊ शकतो. मार्च २०२२ मध्ये प्लिमथच्या रुग्णालयात रुग्ण घेऊन उतरणाऱ्या अशा हेलिकॉप्टरच्या झोताने जवळून चालत जाणारी एक वृद्ध बाई पडली आणि मरण पावली. मोठं यंत्र आणताना त्याच्या उतरण्याच्या जागा तेवढ्या मोठ्या आहेत का, हे आधी पाहायला हवं होतं.

शेजारचा आरसा

सरकारी की खासगी, हा वाद मिटवायला शेजारच्या आयर्लंडचे दोन अपघात पुरेसे आहेत. जुलै १९९९ मध्ये आयरिश हवाई दलाचं हेलिकॉप्टर धुक्यात ट्रामोरच्या वाळूच्या टेकड्यांवर आदळलं, चौघे गेले. वॉटरफर्डच्या तळाने चोवीस तासांची सेवा सुरू केली त्याची ती पहिलीच रात्र होती. चौकशीत दिसलं की पुरेशी तयारी, माणसं आणि सोयी नसताना ती सेवा सुरू केली होती. मार्च २०१७ मध्ये आयरिश तटरक्षक दलासाठी खासगी कंपनीचं एस-९२ रात्री मेयोच्या किनाऱ्याजवळच्या ब्लॅकरॉक बेटावर आदळलं, पुन्हा चौघे गेले. ते बेट हेलिकॉप्टरच्या धोका-सूचना यंत्रणेच्या नकाशातच नव्हतं.

एक लष्करी, एक कंत्राटी. दोन्हीकडे पथक शूर आणि कुशल होतं, दोन्हीकडे त्यांच्या मागची व्यवस्था तोकडी पडली. वाट पाहणाऱ्याला रात्री नकाशा कोण तपासून देतो, नवा तळ सुरू करण्याआधी सराव कोण करून घेतो, ‘आज जाऊ नका’ म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे, या प्रश्नांची उत्तरं गणवेशाच्या रंगात सापडत नाहीत. ती सापडतात विकत काय घेतलं आहे त्यात. ब्रिटनच्या दुसऱ्या कंत्राटाचं मला जे बरं वाटतं ते हेच: त्याने हेलिकॉप्टर विकत घेतलं नाही, उड्डाणाचे तासही नाहीत. त्याने तयारी विकत घेतली. चोवीस तास, दहा ठिकाणी, पथकासह उभी असलेली तयारी. उचललेल्या माणसाला बिल जात नाही, कारण त्याच्या वाट्याचे पैसे कधीच भरून झालेले असतात.

आपल्या समुद्रावर

ब्रिटनचंच सी किंग आपल्याही ओळखीचं आहे. भारतीय नौदलाने वेस्टलँड कंपनीची ही यंत्रं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून घेतली, आणि कुलाब्याच्या ‘आयएनएस शिक्रा’ तळावरून ती उडताना मुंबईकरांनी पाहिलेली आहेत. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात ‘पी-३०५’ बार्ज बुडाली तेव्हा तिच्यावर २६१ माणसं होती. नौदलाने १८६ जणांना वाचवलं, बहुतेकांना जहाजांनी, कारण वादळ भरात असताना हेलिकॉप्टरला वावच नव्हता. त्याच वादळात पालघरच्या किनाऱ्याकडे वाहून गेलेल्या ‘गाल कन्स्ट्रक्टर’ बार्जवरचे १३७ जण सुखरूप निघाले. त्यात तटरक्षक दलाच्या चेतक हेलिकॉप्टरांचा मोठा वाटा होता. ही माणसं जिवावर उदार होऊन काम करतात, याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही. पण नौदलाच्या तळांचं पहिलं काम युद्धाचं आहे. बचाव हे त्यांचं दुसरं काम, अगदी १९५५ च्या ब्रिटनसारखं.

आणि एक प्रसंग मला या सगळ्या इतिहासातून पुन्हापुन्हा आठवतो. २७ जुलै २००५. आदल्याच दिवशी मुंबई पाण्याखाली गेली होती. मुंबई हायच्या उत्तर फलाटाजवळ ‘समुद्र सुरक्षा’ हे मदत जहाज काम करत होतं. जहाजावरच्या आचाऱ्याची बोटं कापली. जखम गंभीर, पण जिवावरची नाही. एरवी अशा वेळी हेलिकॉप्टर येतं, दहा मिनिटांचं काम असतं. पण पावसामुळे मुंबईहून हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं. म्हणून त्याला फलाटावर क्रेनच्या टोपलीतून चढवायचं ठरलं. त्यासाठी जहाज खवळलेल्या समुद्रात फलाटाला भिडलं, लाटेने ढकललं आणि वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळावर आदळलं. नळ फुटला, वायू बाहेर पडला, आग लागली. सुमारे दोन तासांत अख्खा फलाट नाहीसा झाला. त्या परिसरात ३८४ माणसं होती. उसळत्या पाण्यातून नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या जहाजांनी ३६२ जणांना काढलं. २२ जण परतले नाहीत.

ब्रिटनमध्ये आता कंत्राटाची पुढची फेरी सुरू आहे. २०२२ मध्ये पुन्हा ब्रिस्टोलाच काम मिळालं, २०२४ च्या सप्टेंबरअखेरीपासून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. हेलिकॉप्टरं थोडी कमी, सोबतीला शोध घेणारी विमानं, आणि डोंगराच्या हंगामासाठी फोर्ट विल्यम आणि कार्लाइल इथे नवे तळ. रंग आता लाल-पांढरा आहे. तळावर चार जण बसलेले आहेत, यंत्रात इंधन भरलेलं आहे, आणि घंटा अजून वाजलेली नाही.